जान्या, जानो की जनार्दन?

डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवरची पोरं पावसाळा सरला की तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या म्होरक्याकडून, उचल घेतात आणि ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. एखादी बोट गुजरात-पाकिस्तान सीमेवरच्या सर क्रीक खाडीच्या बाजूला सरकली आणि पाकिस्तानच्या सागरी दलाने धरली, की सगळ्यांची रवानगी कराचीच्या मलीर तुरुंगात. 1 जानेवारी 2025 ला पाकिस्तानने दिलेल्या यादीत 217 भारतीय मच्छीमार होते.

मी आश्रमशाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. असं काही झालं की घरची माणसं अजूनही माझ्याकडे येतात, कारण धरलेला माणूस भारतीय आहे हे दाखवायला कागद लागतो आणि इथे पुष्कळांचा सर्वांत जुना कागद म्हणजे आमच्या शाळेचा दाखला. एकाचं नाव तिकडून आलं ‘जानो’. आमच्या जनरल रजिस्टरमध्ये तो जान्या, आधारवर जनार्दन. जन्मतारीख 1 जून, कारण आम्ही मास्तरांनीच निम्म्या वर्गाला ती लावलेली! चौकशीला आलेला हवालदार तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे बघत राहिला. जान्याची बायको दाराशी उभी. म्हणाली, “सर, तुम्हीच सांगा ना त्यांना, हाच तो.”

मी लिहून दिलं. पुढे फाइल कुठल्या टेबलावर किती महिने पडली, ते तिला कुणी सांगितलं नाही.

कुलभूषण जाधवांच्या खटल्यात 17 जुलै 2019 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला दोषी धरलं ते वकिलातींविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 वर. आपण टाळ्या वाजवल्या, योग्यच होतं. पण ते कलम पकडणाऱ्या देशाला बांधतं: कैद्याला त्याचा हक्क सांगा, त्याच्या वकिलातीला भेटू द्या. कैद्याच्या स्वतःच्या सरकारने काय करायचं? जर्मनीत 1974 पासून वकिलातींच्या कामाचा कायदा आहे, त्यात कैद्यांच्या मदतीचं स्वतंत्र कलम आहे. आपल्याकडे परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी ‘मदद’ पोर्टल आहे, 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, दूतावासातली माणसं धावपळही करतात. पण हक्क म्हणून बोट ठेवावं असा कायदा नाही.

एकमेकांच्या कैद्यांविषयीच्या 2008 च्या भारत-पाकिस्तान करारात मुदती आहेत. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीची भेट. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात सुटका. ती खात्री कुणी द्यायची? आपण. म्हणजे घड्याळ सुरू करायची किल्ली दिल्लीमार्गे आपल्याच पोलीस ठाण्यात येते, आणि तिथल्या कागदाला मुदत नाही. माझा राग आहे तो इथे. पाकिस्तानला शिव्या घालणं सोपं आहे, मीही घालतो. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटायची, तीही 2013 नंतर बसलेली नाही.

तोवर पाड्यावर मी एवढंच सांगतो: बोटीवर जाण्याआधी आधार आणि दाखल्याची झेरॉक्स घरी ठेवा. बोटीचा नंबर, तांडेलाचं नाव आणि मालकाचा फोन बायकोकडे लिहून द्या. आणि नावं जुळत नसतील तर आत्ताच या, रजिस्टर बघू.