इटालियन खाणकामगाराचा माग: पेनसिल्व्हेनियातून मूळ गावाकडे

अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाचं मूळ गाव शोधताना मृत्यूपासून मागे जायचं, हा क्रम कायम आहे. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९०६ पासून राज्याचे मृत्यूदाखले मिळतात. ५० वर्षांनंतर ते खुले होतात. कामगार खाणीतच मरण पावला असेल तर राज्य अभिलेखागारातली खाण-अपघात नोंदवही (१८९९ पासून) जास्त बोलकी आहे: वय, राष्ट्रीयत्व, काम, खाण, अपघाताचं कारण. मूळ गावाच्या जागी मात्र बहुतेकदा नुसतं 'इटली'.

म्हणून पुढे भरतीकार्ड, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी नोंदणीचं कार्ड. इथे तारीख बघून घ्या. ५ जून १९१७ च्या कार्डावर जन्मगाव विचारलंय, १२ सप्टेंबर १९१८ च्या कार्डावर ते कलमच नाही. मालक-कंपनीचं नाव दोन्हींवर असतं, त्यावरून खाणवस्ती पक्की करता येते. गावाचं स्पेलिंग कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं. ते मोठ्याने वाचा, मग नकाशा उघडा.

जहाजाच्या प्रवासी-यादीत 'जो' हे अमेरिकी नाव शोधू नका, 'ज्युसेप्पे' हे मूळ इटालियन नाव शोधा. याद्या निघण्याच्या बंदरावरच भरल्या जायच्या. एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या स्थलांतरित तपासणी केंद्रावर, नावं बदलली ही दंतकथाच. १९०७ नंतरच्या याद्या दोन पानी आहेत: मायदेशातल्या नातेवाइकाचं नाव पहिल्या पानावर, जन्मगाव दुसऱ्यावर. दुसरं पान न उघडताच पुष्कळ जण शोध सोडून देतात.

गाव हाती आलं की 'अंतेनाती' हे इटालियन अभिलेखागारांचं मोफत संकेतस्थळ. दक्षिणेत नागरी नोंदी १८०९ पासून, सिसिलीत १८२० पासून. आधी दशवार्षिक सूची (दहा वर्षांच्या नोंदींची नाववार यादी), ती नसेल तर त्या वर्षाच्या वहीची शेवटची पानं. '८ब्रे' म्हणजे ऑक्टोबर, ऑगस्ट नव्हे. वडिलांच्या नावाआधी 'फू' असेल तर ते तेव्हा हयात नव्हते, 'दी' असेल तर होते.

खरी अडचण नामसाधर्म्याची. आपल्याकडे जसं आजोबांचं नाव नातवाला, तसंच तिथेही. त्यामुळे एकाच गावात एकाच वयाचे, एकाच नाव-आडनावाचे चुलतभाऊ निघतात. अमेरिकेत सांगितलेलं वय दोन-तीन वर्षं इकडेतिकडे असतं, त्यावर विसंबून निवड करू नये. आई-वडील दोघांची नावं जुळली तरच नोंद स्वीकारायची. आईचं आडनाव माहेरचंच असतं, हा मोठा आधार. लग्न इटलीत झालं असेल तर जन्मनोंदीच्या समासात पत्नीचं नाव सापडू शकतं.

पुढचं काम: प्रांताच्या अभिलेखागारातली त्याच जन्मवर्षाची लष्करी भरतीयादी, वडिलांच्या नावासकट ताडून पाहणं.