क्लिनिक कधी काढणार, हे तुम्ही विचारलंत म्हणून

क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. झालं, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर मिळाला, मग दादरला क्लिनिक काढायचं सोडून पीएच.डी. कशाला? तीही मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंडमध्ये फिरून?

पीएच.डी.ने माझी फी वाढणार नाही, हे मला ठाऊक आहे. अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टरेटमध्येच घडतो; माझं ते शिक्षण एम.फिल.च्या दोन वर्षांत, वॉर्डात आणि ओपीडीत झालं. पीएच.डी. म्हणजे संशोधन. आणि पैशांची गरज मलाही आहे, तिची आठवण करून देऊ नका.

रेल्वे-रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेली माणसं लल्लूभाई कंपाऊंडच्या इमारतींत राहायला आली. त्यांतल्याच एका बाईंकडे मी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली घेऊन बसले होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, असं विचारत नवव्या प्रश्नावर आले. जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं का, असा तो प्रश्न. त्या बराच वेळ कुकरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे कागदावर नको."

मी पेन ठेवलं. संशोधक म्हणून माझं काम तिथे थांबलं आणि शिकलेलं सगळं सुरू झालं: विचार किती पक्का आहे, हाताशी काय आहे, रात्री सोबत कोण असेल. शेजारच्या जाऊबाईंना त्यांच्याच संमतीने बोलावलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी ओपीडीत गेलो. दुपार तिथेच झाली. गोळ्या मिळाल्या, पुढची तारीखही मिळाली. पण धुणीभांड्याच्या दोन घरांनी खाडा कापला. परतताना हार्बरच्या गाडीत त्यांनी विचारलं, "संध्याकाळी नसतं का कुणी?"

नव्हतं. पुढच्या तारखेला त्या गेल्या नाहीत. त्यांचा कागद मी अभ्यासातून काढून टाकला, त्यामुळे प्रबंधात त्या कुठेच नाहीत. (इथे सांगायला त्यांनी होकार दिलाय, ओळख गाळून.) पण माझा विषय त्या दिवशी बदलला: इमारतीतल्याच बायकांना शिकवून संध्याकाळी ऐकून घेणारं, वेळीच पुढे पाठवणारं माणूस तयार करता येतं का, आणि त्याने खरंच फरक पडतो का.

एम.फिल.मधली मी यावर भांडली असती. चार महिन्यांच्या प्रशिक्षणावर कुणाच्या हाती जीव सोपवतेस, म्हणाली असती. तिचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. देखरेख कोण करणार, त्या बायकांनाच रात्री झोप लागली नाही तर काय, त्यांना मानधन कोण देणार? समाजाच्या मानसशास्त्राच्या नावाखाली गरिबांना स्वस्तातला उपचार, हा आरोप माझ्या कामावर होऊ शकतो आणि मी तो झटकणार नाही. पण तिने मला सांगावं, संध्याकाळी सातला त्या बाईंनी कुठे जायचं?

दादरची जागा मी बघून आले आहे. डिपॉझिट परवडत नाही, हेही खरं. परवडलं तर शनिवार-रविवार तिथे बसेन. मानखुर्द मात्र सुटणार नाही.