दिवाळीनंतरचा रविवार

आमच्या साक्षरता वर्गाचा वार्षिक मेळावा भाऊबीज उलटून गेल्यावरच्या रविवारी भरतो. दिवाळीच्या आधी का भरवत नाही, असे नवे स्वयंसेवक दरवर्षी विचारतात. वर्गाला येणाऱ्या बहुतेक बायका घरकामाला जातात आणि दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत त्यांना मान वर करायला उसंत नसते. ज्या घरी एरवी भांडी आणि फरशी एवढेच काम असते, तिथे या दिवसांत माळे उपसायचे, पंखे पुसायचे, पडदे धुवायचे, पितळेची भांडी चिंचेने उजळायची आणि हे सगळे झाल्यावर ‘जरा चकल्या पाडायला थांब गं’ हेही ऐकायचे असते. वर्गाची वेळ दुपारची तीन ते साडेचार, म्हणजे सकाळची कामे संपल्यावरची आणि संध्याकाळची सुरू होण्याआधीची. दिवाळीच्या तोंडावर ही मधली दुपारच उरत नाही, मग मेळावा कुठून भरणार?

पूर्वी आम्ही ८ सप्टेंबरचा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन धरून कार्यक्रम करून पाहिला होता. युनेस्कोने १९६६ साली हा दिवस जाहीर केला आणि १९६७ पासून तो जगभर पाळला जातो, हे सगळे खरे. परंतु तारीख ठरवताना पुण्याच्या गणपतींचा विचार झालेला दिसत नाही. त्या सुमारास बहुतेक वेळा एकतर गणपती बसलेले असतात, नाहीतर बसायचे असतात; निम्मे रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम त्या बायका गौरींच्या तयारीत. तेव्हा दिवाळीनंतरचा रविवार ठरला आणि तो ठरला हे फार बरे झाले, असे माझे मत आहे. कारण त्यामुळे मेळाव्याला फराळ आयता मिळाला आणि आमचा हस्तलिखित दिवाळी अंकही त्यातूनच जन्माला आला.

दिवाळी अंकाची प्रथा मराठीत १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पाडली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेल्या त्या अंकाची परंपरा आमच्या चाळीस पानी अंकापर्यंत येऊन पोहोचते, असे आमच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई दरवर्षी संपादकीयात लिहितात आणि आम्ही कोणीही त्यांना अडवत नाही. दसऱ्याला प्रत्येकीला दुरेघी वहीचे एक पान मिळते. त्यावर तिने आपल्या मनाने काहीही लिहावे. शिक्षिकेने पेन्सिलीने खुणा कराव्यात, परंतु वाक्य बदलू नये, हा नियम. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका राहतात आणि त्या राहू देण्यावरून स्वयंसेवकांच्या बैठकीत दर ऑक्टोबरात वाद होतो. मी राहू देण्याच्या बाजूचा आहे. एका वर्षी एका मावशींनी चकलीच्या भाजणीचे प्रमाण लिहिले होते: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २ वाट्या, उडीद डाळ १ वाटी, धने-जिरे अंदाजाने, आणि खाली ‘सगळे निरनिराळे भाजने, घाई करु नये, मालकीन घाई करते’. या वाक्यातले शुद्धलेखन सुधारायला हवे, असे म्हणणाऱ्यांशी मी त्या दिवशी बराच भांडलो. मावशी त्या वेळी सहा घरी स्वयंपाक करत होत्या. सहाही घरांचे प्रमाण त्यांच्या डोक्यात वेगवेगळे होते, आणि कागदावर त्यांनी उतरवले ते मात्र स्वतःच्या घरचे.

मेळाव्याच्या औपचारिक भागाविषयी फार सांगण्यासारखे नाही. दीपप्रज्वलन होते, सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, पाहुण्यांना तुळशीचे रोप दिले जाते, अहवालवाचन होते आणि ते लांबते. पाहुण्यांचे भाषणही ठरलेल्या वाटेने जाते. १८४८ सालची भिडे वाड्यातली मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेण आणि दगड, आणि त्यानंतर साक्षरतेचे आकडे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर होते, हे ऐकले की सभागृहात टाळ्या पडतात. माझी तक्रार इतकीच आहे की १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली होती, याचा उल्लेख क्वचितच कोणी करतो. आमच्या वर्गाचे खरे मूळ तिथे आहे. दिवसभर राबून आलेल्या मोठ्या माणसाला पाटीसमोर बसवणे हे लहान मुलीला बसवण्याहून वेगळे काम असते. ज्यांनी ते पुण्यात पहिल्यांदा केले, त्यांची आठवण निदान आमच्या मेळाव्यात तरी व्हायला हवी. आकड्यांबद्दलही एक गोष्ट बोलून टाकतो. जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे सात वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येते, ती साक्षर. ‘समजून’ हा त्यातला महत्त्वाचा भाग. परंतु प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सही आली की माणूस साक्षरांत जमा होतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना सही येत असते आणि सहीखेरीज काहीही येत नसते.

या सगळ्यानंतर मनोगते सुरू होतात. मी मेळाव्याला जातो तो मनोगतांसाठी. ज्यांनी त्या वर्षी अंकात पान लिहिले, त्यांच्यापैकी पाच-सहा जणी पुढे येऊन आपले पान स्वतः वाचतात. इथे आमचा एकच कडक नियम आहे: वाचणारी अडली तर कोणीही शब्द सांगायचा नाही. एकदा एका उत्साही नव्या स्वयंसेवकाने पहिल्या रांगेतून शब्द पुरवला, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिका बाईंनी त्याला चहाचे बघायला म्हणून बाहेर पाठवले आणि मनोगते संपेपर्यंत आत येऊ दिले नाही.

सर्वांत ठळक आठवते ते गोखलेनगरच्या आजींचे वाचन. लहानपणी त्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला राहत असत. १९६१ च्या जूनमध्ये त्यांना बिगारीत घातले आणि १२ जुलैला पानशेत धरण फुटले. हा इतिहास पुण्यात कोणाला सांगावा लागत नाही. त्या पुराच्या आणि नंतर पूरग्रस्तांना मिळालेल्या कमानदार तात्पुरत्या घरांच्या, म्हणजे निसेन हटच्या, कहाण्या प्रत्येक जुन्या घरात आहेत. परंतु ती कहाणी लिहून आणून वाचणारी, आणि तीही साठी ओलांडल्यावर अक्षरे शिकलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा पदराने पुसला, पान टेबलावर सपाट ठेवले, डाव्या हाताने त्याचा कोपरा दाबून धरला आणि उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली ठेवून वाचायला सुरुवात केली. ‘मी शाळेत महिनाभर गेले. ग म भ न शिकले. मग पाणी आले. आईने मला उचलले, पाटी राहिली. खडकवासला…’ या शब्दावर त्या थांबल्या. ख, ड, क असे एकेक अक्षर त्यांनी पुटपुटत म्हटले, वा-ला कान्यासकट बोटाने दोनदा तपासले, आणि मग सबंध शब्द मोठ्याने म्हटला. त्या थांबल्या होत्या तेवढा वेळ पहिल्या दोन रांगांतल्या बायकांचे ओठ हलत होते, पण आवाज कोणाचाही आला नाही. पुढे लिहिले होते: ‘खडकवासला पण फुटले म्हणून सगळे पर्वतीकडे पळाले. नंतर आम्हाला निसेन हट मिळाली. भाऊ शाळेत गेला. मला कोणी परत घातले नाही. मी पण म्हटले नाही.’ पान तिथे संपले होते. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कोणाला कळेना. आजींनीच ‘झालं’ असे सांगितले तेव्हा त्या वाजल्या.

दुसरे एक वाचन सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत रखवालदारी करणाऱ्या काकांचे. आमच्या वर्गाला पुरुष मोजकेच येतात आणि आले तरी मागे, दाराशी बसतात. काका मात्र फळ्यासमोर बसत. फाटकावरच्या वहीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावे लिहायला सोसायटीने सांगितल्यावर त्यांनी वर्गाची वाट धरली. तोपर्यंत कुरिअरवाल्या पोरांकडूनच ते नोंद करून घेत. त्यांच्या पानावर एका दिवसाची नोंदच होती. गाडीचे नंबर, फ्लॅटचे नंबर, वेळ, आणि शेवटी ‘रात्री १० वाजता मुलीचा फोन आला. सर्व ठीक.’ हसतही होते लोक, आणि एकीकडे डोळेही पुसत होते. त्या वर्षीचे पाहुणे नेमके त्याच वेळी उठून गेले, कारण त्यांना दुसरा कार्यक्रम होता.

उपस्थितीचा विषय निघालाच आहे तर लिहितो. शिकणाऱ्या बायका येतात, त्यांच्या सुना-लेकी येतात, नातवंडे तर चिवड्यासाठी का होईना येतातच. येत नाहीत ते नवरे आणि मुलगे. मंडपाबाहेर दुचाकीवर बसून वाट पाहणारे काही असतात; आत या म्हटले तर ‘तुमचं चालू द्या’ म्हणतात. क्रिकेटचा सामना असेल त्या वर्षी तेवढेही दिसत नाहीत. आमच्या जुन्या हितचिंतकांपैकी काहींचीही अशीच रीत आहे. छायाचित्राच्या वेळी ते पुढच्या रांगेत असतात आणि मनोगतांच्या वेळी त्या खुर्च्या रिकाम्या असतात. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू होतात आणि त्यांची धावपळ आधीपासूनच असते, हे कारण मला पटते. बाकीची पटत नाहीत. एका वर्षी ठरलेले सभागृह आदल्या दिवशी आम्हाला नाकारण्यात आले. ते कोणी नाकारले हे इथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, परंतु तो मेळावा आम्ही वर्गाच्याच दोन खोल्यांत आणि मधल्या व्हरांड्यात उरकला, आणि सर्वांत जास्त शिकणाऱ्या बायका आल्या त्या त्याच वर्षी, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

अलीकडे मेळाव्यात ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची प्रमाणपत्रेही दिली जातात. पंधरा वर्षे व त्यावरील कोणाही निरक्षर व्यक्तीला या कार्यक्रमाची परीक्षा देता येते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असतात. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या बायका पहिल्यांदा परीक्षेला बसल्या तेव्हा घरून डबे, पाणी आणि दोन-दोन पेने घेऊन आल्या होत्या, आणि त्यांना केंद्रावर सोडायला शाळकरी नातवंडे आली होती. प्रमाणपत्र मिळाल्यावर ते पिशवीत घालण्याआधी प्रत्येकजण आपले नाव वाचून पाहते. आडनावाचे एक अक्षर चुकलेले एका ताईंनी तिथल्या तिथे दाखवले होते. मला त्या प्रमाणपत्राहून त्या चुकीचा अभिमान अधिक वाटला.

मेळाव्यानंतर सुटीचे दिवस संपतात ते ३ जानेवारीच्या सहलीने. सावित्रीबाईंच्या जयंतीला आम्ही बुधवार पेठेत भिडे वाड्याशी जमत असू आणि तिथून गंज पेठेतल्या फुले वाड्यापर्यंत चालत, वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत जात असू. भिडे वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडल्यावरही सहल चालू आहे. फक्त बायका आता वाड्याऐवजी समोरच्या पाट्या जास्त वेळ वाचतात. आपल्या वर्गाची मोठी मंडळी इतर वेळी ज्या मंडईतून मान खाली घालून भाजी नेतात, तिथेच थांबून ‘महात्मा फुले मंडई’ असे मोठ्याने वाचतात, आणि भाजीवाले बघत राहतात.

आता मदतनीसांविषयी. मागे एका अहवालाच्या यादीत एक नाव राहून गेले आणि त्यावरून जे रुसवेफुगवे झाले, ते निस्तरायला संक्रांत उजाडली. तेव्हापासून नावे न लिहिता कामे लिहायची असे बैठकीत ठरले आहे. त्यानुसार लिहितो. सतरंज्या आणि खुर्च्या भाड्याशिवाय देणारे मंडपवाले. ध्वनिक्षेपक लावून देणारा आणि दर वेळी ‘हॅलो, हॅलो’ म्हणणारा त्यांचा भाचा. पाटी-पेन्सिली आणि वह्या अप्पा बळवंत चौकातून घाऊक भावात आणून देणारे आणि हस्तलिखित फुकट बांधून देणारे बाइंडर. रविवारी शाळेचे कुलूप उघडायला येणारे शिपाईमामा. रांगोळी काढणाऱ्या दोघी बहिणी. सूत्रसंचालन करणाऱ्या महाविद्यालयातल्या मुली. छायाचित्रे काढणारे आणि ती मागायला लावणारे सद्गृहस्थ. लाडू वळणाऱ्या दांडेकर पुलाकडच्या वहिनी आणि त्यांच्या सासूबाई. लिहिण्याचा सराव करून घेणाऱ्या सगळ्या शिक्षिका, त्यातही ज्यांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काठी घेऊन वर्ग घेतला त्या बाई. आणि बायका आत बसल्या असताना त्यांची तान्ही मुले व्हरांड्यात सांभाळणारी आमच्याच वर्गातली एक लेक, जी स्वतः दहावीला होती. चहावाल्या काकांना विसरून चालणार नाही, कारण एकदा त्यांचे कप मोजण्यात राहिले होते आणि त्यांनी ते पैसे अजून मागितलेले नाहीत. पाणी भरणारे, झाडणारे आणि शेवटपर्यंत खुर्च्या आवरायला थांबलेले रखवालदार काकाही यात धरावेत. यातून कोणी सुटले असेल तर त्यांनी बैठकीत सांगावे, यादीत भर घालता येईल.

गेल्या मेळाव्याचा मोठा स्टीलचा डबा, ज्यात शेव होती, तो अजून वर्गावर परत आलेला नाही. झाकणावर आतल्या बाजूने निळ्या रंगात वर्गाचे नाव आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो यंदाच्या रविवारी भरून आणला तरी चालेल.