जलपरी आणि ऑगस्टचं पान

मागच्या उन्हाळ्यात ताईकडे कोपनहेगनला गेलो होतो तेव्हा भाचीने एक फोटो काढला. लांगेलिनीच्या धक्क्याजवळचा जलपरीचा पुतळा, लिटल मर्मेड. फोटोंमध्ये बघून वाटतं तेवढी ती मोठी नाही हो, जेमतेम सव्वा मीटर, काठाला लागून एका दगडावर बसलेली आणि समोर मोबाईल उंच धरून उभी असलेली ही गर्दी. पाऊस नुकताच थांबला होता, भाची अकरा वर्षांची, ती सगळ्यांच्या पायांमधून पुढे सरकली, ओल्या दगडावर उकिडवी बसली आणि जलपरीच्या कोपरावरून थेंब सुटतोय तो क्षण बरोबर पकडला तिने. मागे नुसतं राखाडी पाणी, एकही टुरिस्ट फ्रेममध्ये नाही. घरी येऊन आम्ही तो फोटो टीव्हीवर लावून कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

ताई आणि तिथली आठ-दहा मराठी घरं मिळून दरवर्षी एक कॅलेंडर काढतात, आपले सणवार आणि तिकडच्या सुट्ट्या एकाच पानावर, आणि ते विकून जे पैसे जमतात त्यातून गणपतीसाठी हॉल भाड्याने घेतात. तर ऑगस्टच्या पानावर भाचीचा फोटो टाकायचा असं ठरलं, कारण पुतळ्याचं अनावरण झालं तेच मुळी २३ ऑगस्ट १९१३ ला. प्रूफसुद्धा आलं. ताईने कौतुकाने ते शेजारच्या डॅनिश आजींना दाखवलं तर त्या एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या हे पान काढा, हा फोटो विकायच्या वस्तूवर छापता येत नाही.

मला आधी खरंच वाटलं नाही. फोटो भाचीने काढलाय, म्हणजे फोटोचा कॉपीराइट तिचा, मग अडवणार कोण? पण मग बसून वाचलं तेव्हा कळलं की एका फोटोत दोन हक्क असतात, एक फोटो काढणाऱ्याचा आणि दुसरा फोटोत जी कलाकृती दिसतेय ती घडवणाऱ्याचा. जलपरी घडवली एडवर्ड एरिकसन यांनी, ते गेले १९५९ मध्ये, आणि डेन्मार्कमध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क वारसांकडे राहतो, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. आता गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखं आहे की हा पुतळा कार्ल्सबर्ग बिअरवाल्या कार्ल याकोबसन यांनी पैसे देऊन करून घेतला आणि शहराला भेट दिला, शंभर वर्षांहून जास्त काळ तो उघड्यावर आहे, दोनदा त्याचं डोकं कापून नेलं लोकांनी, १९६४ आणि १९९८ ला, शहराने परत बसवलं, एवढं सगळं सार्वजनिक असलेल्या गोष्टीचा फोटो मात्र सार्वजनिक नाही.

डॅनिश कायदा असं सांगतो की रस्त्यावर कायमच्या असलेल्या कलाकृतीचं चित्र छापायला हरकत नाही, पण ती कलाकृतीच फोटोचा मुख्य विषय असेल आणि वापर धंद्यासाठी असेल तर परवानगी लागते. इमारतींना ही अट नाही. म्हणजे धक्क्याचा लांबून फोटो काढला आणि कोपऱ्यात बोटभर जलपरी आली तर चालेल, ती जवळून दिसली की नाही चालणार. कॅलेंडर विकलं म्हणजे धंदा, मग ते पैसे गणपतीच्या हॉलला जाऊ देत नाहीतर कुठेही. त्यामुळे ऑगस्टला शेवटी न्यूहाउनची रंगीत घरं आली, कारण ती इमारती. भाचीला समजावून सांगताना ताईची पंचाईत झाली, कारण तिचा प्रश्न सरळ होता, मग ती तिथे बाहेर का ठेवलीय?

हे वारस नुसते कागदावर नाहीत बरं का. बर्लिंग्स्के नावाचं तिथलं जुनं वर्तमानपत्र आहे, त्यांनी २०१९ मध्ये जलपरीला झोंबी दाखवणारं एक व्यंगचित्र छापलं आणि २०२० मध्ये कोविडच्या बातमीसोबत मास्क घातलेल्या जलपरीचा फोटो. वारस कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने २ लाख ८५ हजार क्रोनर भरपाई द्यायला सांगितली, वरच्या कोर्टाने ती ३ लाख केली, आणि शेवटी मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने वर्तमानपत्राच्या बाजूने निकाल दिला, हे विडंबन आहे आणि विडंबनाला मोकळीक आहे म्हणून. चांगलाच निकाल, पण त्याने भाचीचा फोटो सुटत नाही, तिने जलपरीला मास्क घातला नव्हता, ती आहे तशीच दाखवली होती.

आयफेल टॉवरचं अनेकांनी ऐकलं असेल. गुस्ताव आयफेल १९२३ मध्ये गेले, त्यामुळे दिवसाचा टॉवर कधीच मोकळा झाला, पण रात्रीची रोषणाई १९८५ ची, पिएर बिदो यांची, आणि ती वेगळी कलाकृती मानतात, म्हणून रात्रीचा फोटो व्यवसायासाठी वापरायचा तर टॉवर चालवणाऱ्या कंपनीला विचारा. फ्रान्सने २०१६ मध्ये थोडी सवलत दिली, रस्त्यावरच्या इमारती आणि शिल्पांचे फोटो टाकायला, पण फक्त व्यक्तींना आणि फक्त बिनव्यापारी वापरासाठी.

हा 'बिनव्यापारी' शब्द ऐकायला गोड आहे पण मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. मोठी जाहिरात कंपनी पैसे भरून परवानगी घेईलच, तिला काय. अडकतो तो ब्लॉगवर दोन जाहिराती लावणारा, शाळेचं पुस्तक छापणारा छोटा प्रकाशक, आणि विकिपीडियासारखं काम, कारण तिथल्या कॉमन्सवर, म्हणजे त्यांच्या फोटोंच्या साठ्यात, फोटो ठेवायचा तर तो कोणालाही कशासाठीही वापरता आला पाहिजे ही अट आहे. म्हणून कॉमन्सवर या जलपरीचे फोटो टिकत नाहीत, कोणी चढवले की उडतात. जगातल्या सगळ्यात जास्त फोटो काढल्या जाणाऱ्या पुतळ्यांपैकी एक, आणि ही गत.

आणि मग मी आपला कायदा उघडला. १९५७ चा कॉपीराइट कायदा, कलम ५२. इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं म्हणजे उल्लंघन नाही, आणि सार्वजनिक जागी किंवा लोकांना जिथे जाता येतं अशा आवारात कायमचं असलेल्या शिल्पाचा फोटोही नाही. पैसे कमावले तर नाही असली अट त्या वाक्यात नाहीच. वाचून छाती भरून आली माझी. कितीजणांना माहीत आहे हे? कोणीतरी शिट्टी मारतो, फोटो मना आहे म्हणतो, आणि आपण मुकाट्याने कॅमेरा आत ठेवतो. अजिंठ्यात फ्लॅश नको म्हणतात ते चित्रं खराब होऊ नयेत म्हणून, ते पाळायलाच हवं, पण तो जागेचा नियम झाला, कॉपीराइटचा नाही, या दोन गोष्टी आपण फार मिसळतो.

कोणी म्हणेल मग शिल्पकाराने काय करायचं. बरोबर आहे प्रश्न. अलिबागजवळ सासवण्याला नानासाहेब करमरकरांच्या घरी त्यांची शिल्पं ठेवली आहेत, ती बघितल्यापासून माझ्या मनात शिल्पकाराबद्दल जो आदर आहे तो सांगून कळणार नाही. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा, १९२८ चा. कलाकाराला त्याचे पैसे पुतळा करून घेणाऱ्याने नीट द्यावेत, त्या पुतळ्यावरून दुसरा पुतळा केला तर तिथे त्याचा हक्क शाबूत असावा, आपला कायदाही तिथे सूट देत नाही, आणि फोटोखाली त्याचं नाव हमखास लिहावं, जे आपण कधीच लिहीत नाही आणि याची मला मनापासून खंत आहे. पण चौकात उभं केलेलं शिल्प बघणाऱ्याने ते दुसऱ्याला दाखवायचं की नाही हे वारसांना विचारावं, हे मला पटत नाही.

जाता जाता एक, कॉपीराइट देशोदेशी वेगळा चालतो. भारतात मुदत कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे एरिकसन यांचा हक्क आपल्याकडे २०१९ च्या शेवटीच संपला. तोच फोटो मी इथे पुण्यात मोठा छापून घेतला, फ्रेम केला, खाली एरिकसन यांचं आणि भाचीचं नाव घातलं. ताईने मूळ फाइल जपून ठेवली आहे. हक्क सुटणार १ जानेवारी २०३० ला, पण २०३० चं कॅलेंडर आदल्या वर्षीच छापून विकावं लागणार, म्हणून भाचीने पेन्सिलने फोल्डरवर लिहून ठेवलंय, ऑगस्ट २०३१.