तुम्ही विचारलंत म्हणून: कोल्हापुरात राहून एव्हरेस्ट बेस कॅम्पची तयारी होते का?

रंकाळ्यावर सकाळी फिरताना विचारतात, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतात, परवा तर एसटी स्टँडवर एका पोरानं थांबवलं, "दादा, बेस कॅम्पला जायचंय, कोल्हापुरात राहून तयारी होते का?" उभ्याउभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून आज बसून लिहितो.

पायांची तयारी होते, शंभर टक्के होते. आपल्याकडं पन्हाळा ते पावनखिंड आहे, पन्नासेक किलोमीटर, दोन दिवस, आणि तेही जुलैच्या पावसात. राजदिंडीतनं उतरायचं, मसाई पठारावर धुकं एवढं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, मग कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, भाताच्या बांधावरनं घसरत, ओढे ओलांडत, बुटात चिखल घेऊन चालायचं. १६६० साली महाराज अशाच पावसात रात्रीचे विशाळगडाकडं निघाले होते हे आठवलं की पाय दुखतात म्हणायला तोंड उघडत नाही. हे दोन दिवस ज्यानं नीट काढले त्याला तिकडची रोजची पाच-सात तासांची चाल जड जात नाही.

उंचीची तयारी मात्र इथं होत नाही. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर, पन्हाळासुद्धा हजाराच्या आत, आणि चाल जिथनं सुरू होते त्या नेपाळमधल्या लुक्लाला विमानातनं उतरलात की तिथंच २८६० मीटर, वाटेतलं नामचे गाव ३४४०, बेस कॅम्प ५३६४. तिथं हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळं प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच मिळतो, आणि ह्याचा दंडबैठकांशी काही संबंध नाही.

आमच्या ग्रुपमधला सगळ्यात दणकट गडी, रोज तालमीत जाणारा. एजन्सीनं पॅकेज स्वस्त करायला शरीराला उंचीची सवय व्हावी म्हणून असतो तो नामचेचा जादाचा मुक्काम काढून टाकला होता आणि आम्हीही काही बोललो नाही. डिंगबोचेला, ४४१० मीटरवर, याकच्या शेणाच्या गोवऱ्यांनी पेटवलेल्या शेगडीपाशी बसलो होतो, ह्याच्यासमोर दाल-भात, आणि हा नुसता चमचा फिरवतोय. "डोकं जरा जड झालंय" एवढंच म्हणाला. रात्री उलट्या, पहाटे बाथरूमला जाताना भिंत धरून. उंचीचा त्रास किती झालाय ते बघायला गाईडनं त्याला टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, त्याला जमेना. तिथनंच खाली उतरवलं, आणि चार हजारांच्या खाली आल्यावर संध्याकाळी त्यानं स्वतःहून चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

म्हणून सांगतो, ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादाचा मुक्काम ठेवा. त्या दिवशी लोळत पडायचं नाही, जवळच्या टेकडीवर चढून यायचं आणि झोपायला परत खाली. डोकं दुखत असेल तर लपवू नका, गोळी घेऊन वर तर अजिबात जाऊ नका.

किलिमांजारोचंही हेच, ५८९५ मीटर, तिथं पाच दिवसांचं पॅकेज मिळतं पण सात-आठ दिवसांचंच घ्या. पेरूच्या इंका ट्रेलवर सगळ्यात उंच खिंड ४२१५ मीटरची, आधी जवळच्या उंचावरच्या कुस्को शहरात दोन-तीन दिवस राहा. उंची नकोच वाटत असेल तर तूर द्यू माँ ब्लाँ बघा, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड मिळून १७० किलोमीटर, वाट २७०० मीटरच्या आतच, रोज चढ आणि रोज उतार, पावनखिंडीवर तयार झालेल्या पायांना अगदी फिट्ट.

आणि हो, बेस कॅम्पवरनं एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. त्यासाठी पहाटे जवळचा काला पत्थर नावाचा डोंगर चढायला लागतो, त्याचा वेळ आधीच धरा. लुक्लाची विमानं हवामानामुळं रद्द होतात, त्याचे दोन दिवस वेगळे.

आमचा गडी दोन वर्षांनी परत गेला, सगळे मुक्काम घेऊन, आणि काला पत्थरवर पोचला. तुमचं ठरत असेल तर पैसे भरायच्या आधी प्लॅन मला दाखवा, कितव्या रात्री किती मीटरवर झोपणार एवढंच मी बघतो.