ठराव झालाय, फाइल वर आहे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गटारावरची फरशी फुटलीय. मोठं काही नाही, दोन माणसं सहज उचलतील एवढी, पण रात्री स्कूटीचं पुढचं चाक बरोब्बर त्यातच जातं. ही फरशी बदलून घ्यायच्या नादात मला नगरपालिकेचा कारभार जेवढा कळला तेवढा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातनं कधी कळला नव्हता, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. गावाचं नाव घालत नाही, उद्या परत त्याच ऑफिसात जायचंय.

सगळ्यात आधी, आपल्या छोट्या गावात महापौर नसतो. तो महानगरपालिकेत. आपल्याकडे नगराध्यक्ष, आणि हे सगळं चालतं १९६५ च्या नगरपरिषद कायद्यावर. त्यात लोकसंख्येवरनं वर्ग ठरतात, लाखाच्या वर असली तर अ वर्ग, चाळीस हजार ते लाख ब, आणि त्याच्या खाली क. आमची क वर्ग. म्हणजे माणसं कमी, पैसा कमी, आणि राजकारण मात्र अ वर्गाचं.

तर मी आधी नगरसेवकाकडे गेले, कारण मत त्यालाच दिलं होतं. बहुतेक प्रभागात दोन नगरसेवक असतात, तिसरं बटण नगराध्यक्षाचं. आमच्या दोनपैकी एक जागा महिलेची. ताई फार चांगल्या आहेत, पण फोन त्यांचे मिस्टर उचलतात आणि 'बोला, मीच बघतो सगळं' म्हणतात. २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना आहेत, फोनचं आरक्षण मात्र अजून झालेलं नाही. असो. दुसरे भाऊ म्हणाले, ठराव झालाय, फाइल वर आहे.

वर म्हणजे नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये. तिथे चहा मिळाला, आणि 'सीओसाहेबांकडे', म्हणजे मुख्याधिकाऱ्यांकडे, 'सही राहिलीय' असं कळलं. त्यांच्याकडे गेले तर ते म्हणाले, मॅडम, असा विषय नगरसेवकांच्या सभेपुढे आलेलाच नाही. आणि गंमत अशी की तिघंही तसे खोटं बोलत नव्हते. भाऊंनी पत्र दिलं होतं, ते पत्र म्हणजेच ठराव असं त्यांना मनापासून वाटत होतं. नगराध्यक्षांनी त्या पत्रावर शेरा मारला होता, त्यामुळे त्यांच्या बाजूनं काम संपलं होतं. आणि मुख्याधिकाऱ्यांना शेऱ्यावर खर्च टाकता येत नाही, त्यांना सभेचा ठराव लागतो.

इथंच सगळी मेख आहे. आपण नगराध्यक्ष निवडून देतो आणि धरून चालतो की आता गाव याच्या हातात. पण नगराध्यक्ष सभा चालवतो, स्थायी समितीचा सभापती असतो, कारभारावर लक्ष ठेवतो. कर्मचारी, टेंडर, बिलं, नोटिसा ही रोजची यंत्रणा मुख्याधिकाऱ्याच्या हाताखाली, आणि तो माणूस आपल्या गावानं नेमलेलाच नसतो. एमपीएससीतनं येतो, सरकार बदली करतं. तो ठरावाशिवाय हलू शकत नाही आणि ठराव त्याच्याशिवाय हलत नाही. वर परत जिल्हाधिकारी आहेतच, एखादा ठराव बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली ते त्याची अंमलबजावणीच थांबवतात. आमच्याकडे 'तीनशे आठ लावला' हे वाक्य पानटपरीवरपण ऐकू येतं, लोकांना पूर्ण कायदा माहीत नाही पण हे कलम तोंडपाठ.

मग मी सभेलाच जाऊन बसले. ती लोकांसाठी खुली असते हे मलाही माहीत नव्हतं, शिपायानं तर 'तुम्ही पत्रकार का' असं विचारलं. मागं प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसले आणि शेजाऱ्याकडनं विषयपत्रिका मागून घेतली. विषय नंबर एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचलं कोणीच नाही. कायम मात्र झालं. मग पाणीपट्टी वसुली, कचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढ, एका रस्त्याला नाव देणे. रस्त्याच्या नावावर पाऊण तास गेला, दोन गट उभं राहून भांडले, एकानं माइक काढून घेतला. कचऱ्याचा ठेका, ज्यात पालिकेचे सगळ्यात जास्त पैसे जातात, तो 'मंजूर, मंजूर' करत बाकं वाजवून मिनिटभरात संपला. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगते.

आणि पत्रिकेत सगळ्यात शेवटी एक ओळ असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ही ओळ नीट वाचायला शिका. वरचे विषय आधी छापून वाटलेले असतात, त्यावर अभ्यास करून यायची सोय असते, कोणी करत नाही ही गोष्ट वेगळी. पण ऐनवेळचे विषय तिथंच बसल्या बसल्या येतात, निम्मे सभासद तोपर्यंत चहाला गेलेले असतात, सूचक एक, अनुमोदक एक, सर्वानुमते मंजूर. आमची फरशीपण अशीच ऐनवेळी घुसवली भाऊंनी, त्यामुळे मला तोंड वर करून बोलायचा अधिकार नाही हे कबूल.

ठराव झाला म्हणजे फरशी बसली असं नाही हे पुढं कळलं. इंजिनिअर अंदाजपत्रक करणार, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, मग टेंडर किंवा लहान काम असेल तर कोटेशन, मग वर्क ऑर्डर, काम, एमबीत म्हणजे मोजमाप वहीत नोंद, मग बिल. यातला एकेक टप्पा का आहे ते समजतं, पैसा लोकांचा आहे, पण एका फरशीसाठी आणि एका पाण्याच्या टाकीसाठी वाट जवळपास तीच.

पैशाचं पण थोडं सांगते कारण त्यावाचून बाकीचं कळत नाही. पालिकेचं स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजारफी एवढंच. पूर्वी जकात होती, पालिकांची जकात १९९९ ला बंद झाली आणि त्याबदल्यात सरकार सहायक अनुदान देतं, कर्मचाऱ्यांचे पगार बरेचसे त्याच्यावर. रस्ते, टाक्या, गटारं यासाठी राज्याच्या योजना आणि वित्त आयोगाचे पैसे. म्हणून नगराध्यक्ष महिन्यातनं चार वेळा मुंबईला जातो आणि आपण 'गावात नसतोच हा' म्हणून शिव्या घालतो. निधी आणण्यासाठी आमदाराशी जमलं पाहिजे, मंत्र्याशी जमलं पाहिजे. घरपट्टी वाढवायचा विषय आला की मात्र सत्ताधारी आणि विरोधक एका मिनिटात एक होतात. वाढवायची नाही. दर चार वर्षांनी फेरआकारणी असते, तिच्या नोटिसा वाटल्या की अख्खं गाव हरकती घेऊन रांगेत, त्यात आमचे वडीलपण होते.

आता थेट नगराध्यक्षाचा घोळ. २००१ ला नगराध्यक्ष लोकांतनं थेट निवडला, २००६ ला नगरसेवकांतनं, २०१६ ला परत थेट, २०२० ला परत नगरसेवकांतनं, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की पद्धत बदलते, ज्याला जे सोयीचं ते. नगरसेवकांतनं निवडायचा असला की अडीच-अडीच वर्षं, त्यातही पक्षात कुरबूर झाली की सव्वा-सव्वा, आणि निवडीच्या आधी सगळे नगरसेवक 'सहलीला'. आमच्या गावातल्या कित्येक नगरसेवकांनी गोवा असाच बघितलाय. थेट निवडीत सहल वाचते पण दुसरीच पंचाईत होते, नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. मग हा विषय आणणार, ते फेटाळणार, ते विशेष सभेची मागणी करणार, हा तारीख देणार नाही. मला विचाराल तर तरीही थेटच बरं, निदान चौकात अडवून जाब विचारायला एक तोंड तरी असतं.

कारण तोंड नसलं की काय होतं ते आम्ही बघितलंय. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, या सगळ्यात बहुतेक पालिकांच्या निवडणुका रखडल्या आणि डिसेंबर २०२५ ला मतदान होईपर्यंत तीन-चार वर्षं प्रशासक राज होतं, म्हणजे सरकारनं नेमलेला अधिकारीच सगळं बघायचा. सभा नाही, नगरसेवक नाही, प्रशासक स्वतःच ठराव करणार आणि स्वतःच अंमलात आणणार. खरं सांगायचं तर काही कामं त्या काळात पटापट झाली. पण माझा फरशीचा पहिला अर्ज त्याच काळातला, त्याचं उत्तर आलं नाही आणि विचारायचं कोणाला तेही कळेना.

शेवटी मी ठरावाचीच प्रत मागितली, माहिती अधिकारात. अर्जाला दहा रुपये, पानाला दोन रुपये, तीन पानं, एकूण सोळा रुपये. प्रत हातात आल्यावर घरी येऊन वाचली. 'सदर विषयास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे' वगैरे सगळं व्यवस्थित, सूचक अनुमोदक नावानिशी, फक्त गल्लीचं नाव चुकलंय. आमच्या शेजारची गल्ली लिहिलीय, जिथली फरशी ठणठणीत आहे.

परत बांधकाम विभागात गेले. तिथल्या क्लार्कनं प्रत उलटीपालटी करून बघितली, चष्मा काढला आणि म्हणाला, मॅडम, आता याची दुरुस्ती सभेपुढंच घ्यावी लागणार. म्हणजे फरशीची नाही, ठरावाची. पुढच्या विषयपत्रिकेत नंबर अकरावर आहे. मी जाणार आहे, यावेळी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन.