आमची वाटचाल: धरणाच्या कडेने शिवेपर्यंत

वेंगुर्ल्याला येणारा पाहुणा समुद्र बघतो, मासे खातो आणि परत जातो. दीड-दोन तासांवर सह्याद्रीचं दाट रान आहे, हे त्याला कुणी सांगतच नाही. त्याला दोडामार्गात घेऊन जावं, एवढ्यासाठी आम्ही नवरा-बायकोने सावंतवाडीत हा व्यवसाय सुरू केला.

गड चढवणारे पुष्कळ आहेत. आम्ही साठी ओलांडलेल्यांना आणि नातवंडांना चालवायचं ठरवलं. म्हणून दोडामार्गातल्या तिलारी धरणाच्या पाण्याकडेची वाट निवडली. चढ फारसा नाही, सावली भरपूर, नशिबात असेल तर धनेश पक्षी दिसतो. रमतगमत गेलं तरी जेवणवेळेला माणूस परत येतो.

वाट संपते महाराष्ट्र-गोव्याच्या हद्दीच्या दगडापाशी. दगड जेमतेम गुडघ्याएवढा, शेवाळलेला, एका अंगाने झाडाच्या मुळीने उचललेला. पण 19 डिसेंबर 1961 पर्यंत ही हद्द भारत आणि पोर्तुगीज राज्य यांच्यामधली होती. 15 ऑगस्ट 1955 ला इथून जवळच, पत्रादेवीला, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे सांगितलं की लोक त्या दगडाकडे वेगळ्याच नजरेने बघतात. माहेर पलीकडे आणि सासर अलीकडे असलेल्या आज्यांच्या आठवणी मग आपोआप निघतात.

आमचे वाटाडे सगळे धरणग्रस्त. तात्या पाण्याकडे बोट करून आपलं घर, मळा, विहीर कुठे होती ते दाखवतात. पाण्यातला मोठा वाटा गोव्याला जातो, गावं मात्र इथली बुडाली. ही गोष्ट तात्यांच्याच तोंडून ऐकावी, म्हणून आम्ही मध्ये बोलत नाही. शीव आली की ते देवचाराला, म्हणजे शिवेच्या राखणदार देवाला, गाऱ्हाणं घालतात, साकडं घालतात. "बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझ्या शिवेर इली हत, सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि पुण्या-मुंबईची मंडळीही मनापासून "व्हय म्हाराजा" म्हणतात.

2002 पासून कर्नाटकातून हत्ती येऊ लागले. शेतकऱ्यांच्या माड-केळीचं त्यांनी केलेलं नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहतो. कळप जवळपास असल्याचं गावातून कळलं की त्या दिवशी आम्ही कुणालाच नेत नाही, पैसे पूर्ण परत देतो. सुरुवातीला हे फार जड जायचं, पण तोच नियम आम्हाला टिकवून गेला. एकदा परत पाठवलेली माणसंच पुढच्या वर्षी शेजाऱ्यांना घेऊन आली. 2020 मध्ये तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, तेव्हापासून रानाची चौकशी करणारे पाहुणेही वाढलेत.

घावणे-चटणी, कुळथाची पिठी आणि सोलकढी गावातल्या बचत गटाकडून येते, आणि त्याचे पैसे त्याच दिवशी त्यांच्या हातात पडतात. पावसाळ्यात वाट बंद असते. दसरा झाला की पुन्हा सुरू करू. यंदा तात्यांची सूनही वाटाडी म्हणून सोबत असेल.